युद्धकाळातील प्रशिक्षण विमानांचे प्राणघातक अपघात आणि ‘वैमानिकाची चूक’ हा निष्कर्ष

क्षितिजरेषा (धागालेखक)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हवाई लढाई अशी झालीच नाही. तरीही डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या पावणेचार वर्षांत तिथल्या लष्करी हवाई दलाचे सुमारे १५,००० लोक स्वतःच्याच देशात विमान अपघातांत दगावले. लहानमोठे अपघात ५२,००० हून अधिक झाले, त्यांपैकी ६,००० हून अधिक प्राणघातक ठरले आणि सुमारे ७,००० विमाने कायमची निकामी झाली. यांतील फार मोठा वाटा प्रशिक्षणाच्या उड्डाणांचा होता. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडने त्या युद्धात ५५,५७३ विमानसैनिक गमावले, आणि त्यांतले ८,००० हून अधिक प्रशिक्षणात किंवा मोहिमेव्यतिरिक्तच्या इतर उड्डाणांत गेले. ढोबळमानाने सातांतला एक मृत्यू शत्रूशी गाठ न पडताच झाला.

हे आकडे लष्करी इतिहास वाचणाऱ्यांना नवे नसतील. मला चर्चा हवी आहे ती या मृत्यूंच्या कारणांची. त्या काळच्या चौकश्यांमध्ये वारंवार येणारा निष्कर्ष म्हणजे ‘वैमानिकाची चूक’. विमान डोंगरावर आदळले, कारण वैमानिक मार्ग चुकला. विमान गिरकीत (म्हणजे वेग तुटून गोल गोल फिरत खाली पडण्याच्या अवस्थेत) जाऊन कोसळले, कारण वळताना त्याने वेग राखला नाही. अशा नोंदी तांत्रिकदृष्ट्या बहुधा खऱ्याच असतात. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मोजक्या तासांच्या अनुभवावर, झिजलेल्या इंजिनाच्या विमानात बसवून, संपूर्ण काळोख केलेल्या देशावरून हिवाळ्याच्या रात्री पाठवण्याचा निर्णय त्या मुलाने घेतलेला नव्हता. तो निर्णय वेळापत्रकाचा होता, आणि वेळापत्रक वरिष्ठ ठरवीत. माझे म्हणणे एवढेच आहे की या अपघातांचा मोठा भाग घाईची किंमत म्हणून मोजला पाहिजे, आणि ती किंमत मेलेल्या शिकाऊ वैमानिकाच्या नावावर टाकून हिशेब मिटवता कामा नये.

याला सर्वांत चांगला पुरावा मला कॅनडाचा वाटतो. १७ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात झालेल्या करारानुसार तिथे राष्ट्रकुलाची प्रचंड हवाई प्रशिक्षण योजना उभी राहिली. टायगर मॉथ आणि फ्लीट फिंच या द्विपंखी विमानांवर पहिले धडे, मग हार्वर्ड, अ‍ॅन्सन किंवा ऑक्सफर्डवर पुढचे. युद्ध संपेपर्यंत १,३१,५५३ विमानसैनिक तिथून तयार होऊन बाहेर पडले, आणि प्रशिक्षणातील अपघातांत ८५६ जण मरण पावले. साधारण दीडशे उत्तीर्णांमागे एक मृत्यू. हीच मुले जहाजाने ब्रिटनला आली, बॉम्बर विमानांच्या ‘ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट’मध्ये, म्हणजे मोहिमांवर जाण्याआधीच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या तुकडीत, दाखल झाली, आणि तिथे मृत्यूचे प्रमाण एकदम चढले. मुले तीच, त्यांचा उतावळेपणा किंवा सावधपणा तोच. बदलले ते आकाश, विमान आणि वेग. कॅनडात शेकडो मैल सपाट जमीन, रात्री उजळलेली गावे आणि बरेच दिवस स्वच्छ हवा होती. ब्रिटनमध्ये सक्तीचा काळोख, तासाभरात उतरणारे धुके, पंखांवर धरणारे बर्फ, आणि एकमेकांना खेटून असलेल्या तळांवरून एकाच वेळी उडणारी विमाने होती.

तिथल्या विमानांविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. प्रशिक्षण युनिटांना नवी विमाने क्वचितच मिळत. आघाडीच्या तुकड्यांनी वापरून झालेली वेलिंग्टन, व्हिटली आणि हॅम्पडेन विमाने तिकडे जात. पुढे चार इंजिनांच्या विमानांचे शिक्षण देणाऱ्या युनिटांकडे जुनी स्टर्लिंग आणि हॅलिफॅक्स आली. एन२९८० या क्रमांकाच्या वेलिंग्टनची कथा अनेकांना माहीत असेल. १८ डिसेंबर १९३९ च्या हेलिगोलँड उपसागरावरील मोहिमेत बारा वेलिंग्टन पाडली गेली, त्यातून हे विमान परत आले. नंतर ते लॉसीमथच्या प्रशिक्षण युनिटात गेले. ३१ डिसेंबर १९४० रोजी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावर हिमवादळात त्याचे उजवे इंजिन बंद पडले. मुख्य वैमानिकाने इतरांना हवाई छत्रीने उड्या मारायला सांगितल्या आणि दोघा वैमानिकांनी विमान लॉख नेस सरोवरावर उतरवले. दोघे वाचले, उडी मारलेल्यांपैकी शेपटाकडचा गनर मात्र छत्री न उघडल्याने गेला. सप्टेंबर १९८५ मध्ये ते विमान सरोवरातून वर काढले, तेव्हा बॅटरी जोडल्यावर त्याचे शेपटाचे दिवे पेटले. आज ते ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात आहे. विमान पाहायला माणसे जातात. शत्रूच्या तोफांतून सुटलेले हे विमान प्रशिक्षणाच्या उड्डाणात एका माणसाच्या जिवावर का बेतले, हा प्रश्नही तिथे उभे राहून पडावा असे मला वाटते.

दुसरे उदाहरण रिचर्ड हिलरीचे. ब्रिटनच्या हवाई लढाईत ३ सप्टेंबर १९४० रोजी त्याचे स्पिटफायर पेटले. चेहरा आणि हात भाजले. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यचिकित्सकाने त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया केल्या, पापण्या नव्याने बसवल्या. हातांची बोटे मात्र पूर्ववत झाली नाहीत. तरी त्याने पुन्हा उडण्याची परवानगी मिळवली आणि त्याला पाठवले गेले चार्टरहॉल येथील ५४ क्रमांकाच्या युनिटात, रात्रीच्या लढाऊ विमानांच्या प्रशिक्षणासाठी. स्कॉटलंडच्या सीमेवरील या तळाला तिथल्या अपघातांमुळे ‘स्लॉटरहॉल’, म्हणजे कत्तलीचा तळ, असे नाव पडले होते. ८ जानेवारी १९४३ च्या रात्री हिलरी ब्लेनहाइम घेऊन उडाला. जमिनीवरच्या दिशादर्शक दिव्याभोवती घिरट्या घालण्याचा सराव होता. विमान उंची गमावत गेले आणि शेतात कोसळले. तो आणि त्याचा नॅव्हिगेटर दोघेही जागीच गेले. हिलरी तेवीस वर्षांचा होता. अपघाताचे कारण ठामपणे ठरले नाही. पण ब्लेनहाइम हे दोन इंजिनांचे, दांडीला जोर लावावा लागणारे विमान, आणि हाताची पकड नीट न राहिलेला वैमानिक, वर काळोखी रात्र आणि थंडी. हिलरीचा स्वतःचा हट्ट होता हे मान्य करूनही, त्याला उडू देणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी त्याच्या हट्टामागे लपत नाही.

पहिल्या महायुद्धातील आणि हिंदुस्थानातील प्रशिक्षणाविषयी जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

जुनीपाने

धागा महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धाविषयी लिहितो, पण आधी एका आकड्याविषयी सावध करतो. त्या युद्धात १४,००० ब्रिटिश वैमानिक मेले आणि त्यांतले ८,००० प्रशिक्षणात मेले, असे वाक्य अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते टिकत नाही. ब्रिटिश हवाई दलांतील सर्व हुद्द्यांच्या, सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची बेरीजच सुमारे ९,००० च्या घरात आहे. त्यातून लढाईतले मृत्यू वगळले की ८,००० उरूच शकत नाहीत. प्रशिक्षणातील मृत्यू भयंकर होते यात शंका नाही, परंतु त्यासाठी फुगवलेल्या संख्येची गरज नाही, आणि अशा संख्येमुळे खऱ्या मृतांचीच उपेक्षा होते.

धागालेखकांच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट मात्र त्याच युद्धात आहे. १९१६-१७ मध्ये वीस तासांहूनही कमी उड्डाणे झालेली मुले फ्रान्सच्या आघाडीवर पाठवली जात होती. शिकवणारे बहुतेक आघाडीवरून थकून परतलेले वैमानिक होते. शिकवायचे कसे, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. गिरकी तर मृत्यूचे दुसरे नाव मानली जाई. १९१२ मध्ये विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा अधिकारी गिरकीतून सुखरूप बाहेर आला होता आणि १९१६ मध्ये फ्रँक गुडन याने मुद्दाम गिरकी घेऊन ती कशी मोडावी हे दाखवले होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, ते शिकाऊ मुलापर्यंत पोहोचत नव्हते.

१९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे पद्धतच बदलली. अ‍ॅव्रो ५०४ विमानात दोघांनाही नियंत्रणे दिली, प्रशिक्षकाला उडता उडता बोलता यावे म्हणून बोलण्याची नळी बसवली, आणि धोक्याच्या अवस्था टाळण्याऐवजी मुद्दाम त्यांत नेऊन बाहेर पडायला शिकवले. ही पद्धत पुढे जगभर गेली. युद्ध चालू असतानाच, घाईच्या ऐन भरात, हा बदल करता आला, ही बाब मला फार बोलकी वाटते.

आपल्याशी नाते असलेले नाव इंद्रलाल रॉय यांचे. कोलकात्यात जन्मलेला हा तरुण ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस ५६ क्रमांकाच्या तुकडीत गेला आणि आठवड्याभरातच, ६ नोव्हेंबरला, त्याचे एसई५ए विमान उतरताना आदळले. त्याला पुन्हा प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. त्या फेरप्रशिक्षणाचे मोल पुढे दिसले. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलैला तो लढाईत पडला. पहिल्याच अपघातात तो गेला असता, तर त्याच्या नोंदीवरही ‘वैमानिकाची चूक’ एवढेच राहिले असते.

उड्डाणशिक्षक

मी अनेक वर्षे नागरी उड्डाण क्लबात शिकवले आहे, म्हणून ‘चूक’ नेमकी कशी घडते याविषयी लिहितो. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना वाटते की मार्ग चुकणे किंवा विमान तिरपे होणे लक्षात न येणे हा निष्काळजीपणा आहे. तो शरीराचा दोष आहे, आणि तो प्रत्येकात असतो.

ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही. विमान हळूहळू एका बाजूला कलले, तर कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिकांमधला द्रव वीस-एक सेकंदांत स्थिरावतो आणि मेंदूला वाटते की आपण सरळ चाललो आहोत. आता उपकरणाकडे पाहून विमान खरोखर सरळ केले, तर शरीर ठासून सांगते की आपण उलट बाजूला कललो. नवखा माणूस शरीराचे ऐकतो आणि विमान पुन्हा कलवतो. नाक खाली जाते, वेग वाढतो. वेग कमी करण्यासाठी तो दांडी मागे ओढतो, त्याने वळण आणखी आवळते आणि विमान चक्राकार खाली जाऊ लागते. हे सगळे एका मिनिटाच्या आत होते. काळोखात उड्डाण घेताना याहून वेगळा भास होतो. धावपट्टीवरून सुटताना वेग वाढतो, पाठ खुर्चीत दाबली जाते आणि नाक फार वर गेले असे वाटते. वैमानिक नाक खाली दाबतो, आणि खाली जमीन असते.

यावर उपाय एकच, उपकरणांवर विश्वास ठेवण्याचा सराव, तोही इतका की शरीर ओरडले तरी हात ऐकणार नाहीत. या सरावाला तास लागतात. एडविन लिंक याने तयार केलेली जमिनीवरची सराव-पेटी, म्हणजे आखूड पंख लावलेले निळे लाकडी खोके, यासाठीच होती. आत शिरून झाकण लावले की बाहेरचे काहीही दिसत नसे. अमेरिकी सैन्याने ती आधी मनावर घेतली नव्हती. १९३४ च्या सुरुवातीला हवाई टपालाचे काम सैन्याकडे आले आणि खराब हवेत काही आठवड्यांत बारा-तेरा वैमानिक मेले, तेव्हा पहिल्या सहा पेट्यांची मागणी गेली. युद्धात अशा हजारो पेट्या वापरात होत्या. ज्याला पेटीत पुरेसे तास मिळाले आणि ज्याला मिळाले नाहीत, अशा दोघांच्या हातून ढगात एकच गोष्ट वेगवेगळी घडते. म्हणून ‘चूक’ नोंदवताना, त्या मुलाचे उपकरणांवरचे तास किती होते, हे शेजारच्या रकान्यात लिहिल्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

समतोल

माझे मत थोडे वेगळे आहे, ते आदरपूर्वक मांडतो. १९४० किंवा १९४२ मध्ये सावकाश शिकवण्याची चैन कुणालाही परवडणारी नव्हती. वैमानिक सहा महिने उशिरा तयार झाले असते, तर त्या सहा महिन्यांत आघाडीवर आणि व्याप्त प्रदेशांत किती माणसे अधिक मेली असती, याचाही हिशेब करावा लागेल. शिवाय कॅनडाची तुलना पूर्णपणे समान नाही. तिथे प्राथमिक शिक्षण हलक्या विमानांवर होते. ब्रिटनमध्ये जड बॉम्बर, पाच-सहा जणांचा संच आणि रात्रीचा लांबचा प्रवास होता. एक विमान पडले की पाच-सहा माणसे जात, त्यामुळे मृतांचा आकडा आपोआप फुगतो.

दुसरे असे की अपघातांच्या आठवणी आणि अपघातांची आकडेवारी नेहमी जुळत नाहीत. मार्टिन बी-२६ मराउडर या बॉम्बरची फ्लोरिडातील मॅकडिल तळावर इतकी अपकीर्ती झाली, की ‘टँपाच्या उपसागरात रोज एक’ अशी म्हणच पडली. त्याचे पंख वजनाच्या मानाने आखूड होते, उतरण्याचा वेग जास्त होता आणि एक इंजिन बंद पडल्यावर नवख्याला ते सावरत नसे. पण संपूर्ण युद्धकाळाची अमेरिकेतील नोंद पाहिली, तर दर एक लाख उड्डाणतासांमागे बी-२६ चे मोठे अपघात ५५ आहेत. बी-१७ चे ३०. आणि पी-३९ या एका इंजिनाच्या लढाऊ विमानाचे २४५. बदनामी मराउडरच्या वाट्याला आली, मुले मात्र लढाऊ विमानांच्या प्रशिक्षणात कितीतरी अधिक प्रमाणात अपघातात सापडत होती.

क्षितिजरेषा (धागालेखक)

समतोल यांचे दोन्ही मुद्दे विचार करण्याजोगे आहेत. घाई टाळता आली असती, असा माझा दावा नाही. घाई कुणाच्या नावावर नोंदली गेली, हा माझा प्रश्न आहे. एखाद्या राष्ट्राने जाणूनबुजून ठरवले की इतके वैमानिक इतक्या महिन्यांत हवेत, आणि त्यासाठी काही मुले शिकताना मरतील, तर तो युद्धातला निर्णय झाला आणि ती मुले त्या निर्णयाची बळी ठरली. मग त्यांच्या मृत्यूला ‘चूक’ म्हणणे अपुरे आहे.

बी-२६ च्या बाबतीत तुम्ही दिलेला आकडा संपूर्ण युद्धाचा आहे आणि त्यात सुधारणांनंतरचा काळही धरलेला आहे. सुधारणा झाल्या म्हणूनच तो ५५ वर आला. पंखांचा विस्तार ६५ फुटांवरून ७१ फुटांपर्यंत वाढवला गेला, देखभाल करणाऱ्यांना नीट शिकवले गेले, आणि अनुभवी वैमानिकांनी तळोतळी जाऊन एका इंजिनावर हे विमान कसे उडवावे याची प्रात्यक्षिके दिली. अमेरिकी सिनेटमध्ये हॅरी ट्रूमन यांच्या समितीने या विमानाची चौकशी केली होती. मुले तीच राहिली, विमान आणि शिक्षण बदलले, आणि मृत्यू घटले. पी-३९ चा आकडा मात्र मलाही अस्वस्थ करतो, कारण त्याबद्दल अशी ओरड झाल्याचे फारसे वाचनात येत नाही. एकट्याने उडणारा मुलगा पडला की एकच घर रडते, सहा जणांचा संच पडला की बातमी होते, असे त्यामागे असावे.

मूळ लेखात राहून गेलेली एक गोष्ट इथे जोडतो. वेल्समधील लॅनडूरॉग तळावर नॅव्हिगेटरांचे प्रशिक्षण चाले. समुद्रावरून परतताना वाऱ्याचा अंदाज चुकला, की ढगात लपलेला स्नोडोनियाचा डोंगर समोर येई. १९४२ च्या उत्तरार्धात तिथे एकामागून एक विमाने आदळली. तळावरचे वैद्यकीय अधिकारी जॉर्ज ग्रॅहम यांच्या लक्षात आले, की आदळल्यानंतरही काही जण जिवंत असतात आणि थंडीने, रक्तस्रावाने, कुणी वेळेत न पोहोचल्याने मरतात. त्यांनी तळावरच्याच स्वयंसेवकांना घेऊन डोंगर चढणारे पथक उभारले, दोर, स्ट्रेचर, रेडिओ यांची जुळवाजुळव केली. त्यातूनच १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची डोंगरी बचाव सेवा अधिकृतपणे सुरू झाली. ती आजही चालू आहे.

अंबरी

या चर्चेत स्त्री वैमानिकांचा उल्लेख व्हायला हवा. कॉर्नेलिया फोर्ट ही अमेरिकी तरुणी ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी होनोलुलूजवळ आपल्या शिष्याला उड्डाण शिकवत होती. समोरून आलेल्या विमानाशी टक्कर होईल म्हणून तिने नियंत्रणे हाती घेऊन विमान वर खेचले, आणि खालून गेलेल्या त्या विमानाच्या पंखांवर तिला जपानी लाल गोल दिसले. तिथून ती वाचली. पुढे ती सैन्यासाठी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्याचे काम करू लागली. २१ मार्च १९४३ रोजी टेक्सासमधील मर्कलजवळ ती बीटी-१३ हे प्रशिक्षण विमान नेत असताना सोबतच्या विमानाचा धक्का लागला आणि ती कोसळली. ती चोवीस वर्षांची होती.

मेबल रॉलिन्सन हिचा मृत्यू तर वाचवत नाही. २३ ऑगस्ट १९४३, नॉर्थ कॅरोलिनातील कँप डेव्हिस. रात्रीच्या सरावात ए-२४ विमानाचे इंजिन बिघडले आणि ते धावपट्टीजवळ कोसळून पेटले. मागच्या आसनावरचा प्रशिक्षक बाहेर फेकला गेल्याने वाचला. मेबलच्या कॉकपिटच्या झाकणाची कडी आतून उघडत नव्हती, त्यामुळे तिला बाहेर पडता आले नाही. ही ‘वैमानिकाची चूक’ कशी म्हणायची? कडी दुरुस्त न करता विमान रात्री उडवायला देणे, हे कुणाचे काम होते?

या स्त्रिया लष्करी गणवेशात, लष्करी विमानांवर, लष्करी हुकुमाने काम करीत, पण कागदोपत्री त्या नागरी कर्मचारी होत्या. एकूण अडतीस जणी सेवेत मरण पावल्या. मेलेल्या सहकारिणीला घरी पोहोचवण्याचा खर्च मैत्रिणी वर्गणी काढून करीत, शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा अधिकार नव्हता. त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडले. धागालेखक म्हणतात तो हिशेब इथे सर्वांत उघड दिसतो.

खडकीकर

हिंदुस्थानातील प्रशिक्षणाविषयी थोडे. १९३९ मध्ये आपल्या हवाई दलाची एकच तुकडी होती, ती जुन्या वापिटी विमानांची. १९४५ पर्यंत नऊ तुकड्या आणि सुमारे २८,५०० माणसे झाली. ही वाढ सहा वर्षांत झाली, यावरून वेगाची कल्पना यावी. बेगमपेट आणि जोधपूर येथे प्राथमिक शिक्षण टायगर मॉथवर होई, पुढचे अंबाला येथे, आणि तिथून लढाऊ विमानांच्या सरावासाठी वायव्य सरहद्दीकडे रिसालपूर-पेशावरला जावे लागे. सुरुवातीचे सैद्धांतिक शिक्षण लाहोरच्या वॉल्टन येथे चाले, पुढे ते पुण्यातही होते. इथला शत्रू वेगळा होता. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद उतरते, धावपट्टी अपुरी पडते. राजस्थान आणि पंजाबात धुळीचे वादळ उठले की क्षितिज नाहीसे होते, म्हणजे उड्डाणशिक्षक यांनी ढगाविषयी लिहिले ते सारे कोरड्या आकाशातही लागू होते.

खडकीच्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांचे दफन आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, त्या इथे एकत्र आणल्या गेल्या. तिथे हवाई दलाचे चिन्ह असलेल्या शिळाही आहेत. शिळेवर नाव, हुद्दा, दल, तारीख आणि वय असते. मृत्यू कसा झाला हे नसते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचा नियमच असा आहे, की ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना कोणत्याही कारणाने मृत्यू आला, तरी तो युद्धातला मृत्यू. हुद्द्याप्रमाणे शिळेत फरक नाही, लढाई आणि अपघात यांतही नाही. मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो. अंबरी यांनी सांगितलेल्या स्त्रियांना तो लाभला नाही.

समतोल

खडकीकर आणि अंबरी यांचे प्रतिसाद वाचून मूळ मुद्दा मला अधिक पटू लागला आहे. एक प्रश्न आहे. जर्मनी आणि जपानच्या बाजूला काय परिस्थिती होती? तिथेही हीच घाई, की वेगळी?

जुनीपाने

तिथे घाईबरोबर इंधनाचा तुटवडा आला, आणि त्याने प्रशिक्षणाचा कणाच मोडला. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन लढाऊ वैमानिकाला दोनशेहून अधिक तासांचे शिक्षण मिळे. १९४४ च्या मध्यापर्यंत ते शंभर-सव्वाशे तासांच्या आसपास आले, तर त्याच वेळी अमेरिकी आणि ब्रिटिश वैमानिक त्याच्या दुपटी-तिपटीने तास घेऊन येत होते. मेसरश्मिट १०९ ची चाके एकमेकांच्या फार जवळ असल्यामुळे ते विमान उडताना-उतरताना अनुभवी हातांनाही त्रास देई. नवख्यांनी तर ते मोठ्या संख्येने धावपट्टीवरच मोडले. आघाडीवर वैमानिक कमी पडले की प्रशिक्षकांनाच लढायला पाठवले जाई, त्यामुळे शाळेत शिकवणारे उरत नसत, आणि पुढची तुकडी आणखी कच्ची निघे. जपानमध्ये तर इंधनासाठी पाइन वृक्षांच्या मुळांपासून तेल काढण्याची मोहीम राबवावी लागली. उलट मित्रराष्ट्रांनी कसलेल्या वैमानिकांना आघाडीवरून ठरावीक मोहिमांनंतर मागे घेऊन शिकवायला बसवले. ते थकलेले होते, अनेकांना ते काम नकोसे होते, पण निदान त्यांचा अनुभव पुढच्या मुलांपर्यंत पोहोचत होता.

क्षितिजरेषा (धागालेखक)

प्रशिक्षकांचा विषय निघाला म्हणून एक नोंद. शिकणाऱ्यांबरोबर शिकवणारेही गेले. व्हर्नन कॅसल हा त्या काळचा जगप्रसिद्ध नर्तक पहिल्या महायुद्धात आघाडीवर उडून आला आणि मग कॅनडा व टेक्सासमध्ये शिकवू लागला. १५ फेब्रुवारी १९१८ रोजी फोर्ट वर्थजवळच्या बेनब्रुक तळावर, दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळण्यासाठी त्याने आपले विमान एकदम वर ओढले. वेग तुटला, आणि सावरायला खाली उंची उरली नव्हती. तो गेला, त्याचा शिष्य वाचला. दोन्ही विमाने एकाच वेळी त्या जागेत कशी आली, हा तळावरील वाहतुकीच्या शिस्तीचा प्रश्न होता.

हाच प्रश्न ११ डिसेंबर १९४१ रोजी लिंकनशायरवर पुन्हा उभा राहिला. कॅनडात शिकून आलेला जॉन गिलेस्पी मगी हा एकोणीस वर्षांचा वैमानिक आपल्या तुकडीबरोबर स्पिटफायरमधून ढगातून खाली येत होता, आणि त्याच ढगाखालून क्रॅनवेलच्या शाळेचे ऑक्सफर्ड विमान एक शिकाऊ मुलगा एकट्याने उडवत होता. टक्कर सुमारे १,४०० फुटांवर झाली. मगी झाकण सरकवून बाहेर पडला, पण छत्री उघडायला उंची पुरली नाही. दोघेही गेले. लढाऊ तुकड्यांचे तळ आणि शिकाऊ वैमानिकांची शाळा एकाच आकाशात कोंबलेली होती, आणि दोघांना एकमेकांची खबर देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. या जोडीतल्या शिकाऊ मुलाविषयी कुणाच्या वाचनात अधिक काही आले असेल, तर त्याने ते इथे जरूर लिहावे. मगीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.